‘तंत्र’ या नोंदीत कच्चं काय

“चूक कुठे आहे, तेवढं सांगा बुवा.”

अनसूया हर्डीकर कोशाची मुद्रितं घेऊन येवल्याला आल्या होत्या. तंत्रज्ञानातल्या शब्दांचा व्युत्पत्तिकोश, नऊ वर्षांचं काम. चार दिवसांत छपाई सुरू व्हायची होती. त्या एकेका धंद्यातले शब्द त्याच धंद्यातल्या जाणत्याला दाखवत. केशवबुवा लकारे साठ वर्षं हातमागावर बसलेले. त्यांनी सगळी पानं तशीच परत धाडली होती. फक्त ‘तंत्र’ या शब्दासमोर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘कच्चं’.

“चूक नाही,” बुवा म्हणाले.

“मग कच्चं काय?”

बुवा मागाकडे पाहत राहिले.

“तन् म्हणजे ताणणं. त्यावरून तंत्र, मागावर ताणलेले उभे धागे. रीत, शास्त्र हे अर्थ नंतरचे. अर्थ मला पुरता ठाऊक आहे, बुवा.”

बुवा उठले. रेशमाच्या उभ्या धाग्यांचा ताणा मागापासून अंगणातल्या खुंटीपर्यंत ओढलेला होता. त्यांनी खुंटीवरची, ताण्याच्या टोकाची लड सोडवली आणि अनसूयाबाईंच्या हातात दिली.

“धरा. मी तिकडून धागे सांधतो.”

बाईंनी लड धरली.

“वेदांमध्येसुद्धा हा शब्द विणकामाच्याच...”

बोलण्याच्या नादात त्यांची पकड सैल झाली. धागे झुकले. एकमेकांत अडकले.

बुवांनी सांधणं थांबवलं. गुंता सोडवत बसले. त्यात तासभर गेला.

बाईंचा चेहरा उतरला होता.

“पुन्हा धरू?”

“तुमची मर्जी, ताई.”

त्यांनी पदर खोचला. पाय रोवले. लड हाताला वेढून घेतली.

वारा सुटला. ओट्यावरची मुद्रितं एकेक करून अंगणात उडाली. एक पान कुंपणापलीकडे गेलं. बाईंनी ते जाताना पाहिलं...

हललं नाही कुणी.

दुपार कलली. रेशीम बोटांत रुतलं, खांदे भरून आले. बुवांनी एकदाही घाई केली नाही.

शेवटचा धागा सांधून ते बाईंजवळ आले.

“काय अर्थ म्हणालात, ताई?”

बाईंनी लड आणखी घट्ट धरली.



धागा न् धागा ताठ होता.

बुवांनी लडीखाली आपला हात धरला.

“आता सोडा.”