देठ सुटलेली लेक

फार फार पूर्वी, माणूस जन्मायच्याही आधी, समुद्राच्या तळाशी सागरकमळांची एक वस्ती होती. दिसायला फुले, पण ते होते जिवंत प्राणी. लांब देठावर उभे राहायचे आणि हात पसरून वाहत्या पाण्यातले कण वेचून खायचे.

वस्तीत एकासारखा दुसरा नव्हता. कोणी उंच, कोणी वाटीसारखा बुटका, कोणाचे हात छत्रीसारखे उघडलेले, तर कोणाचे एका अंगाला वळलेले. त्यावरून एकमेकांना नावे ठेवण्यात त्यांचा दिवस मजेत जाई. एका बाबतीत मात्र सगळ्यांचे एकमत होते. देठ खडकाला घट्ट हवा. देठ सुटला की जीव गेला.

तिथल्या एका आईची लेक वाढू लागली, तसा तिचा देठ झिजू लागला. हात मात्र पिसांसारखे भरगच्च आणि चपळ. एके दिवशी देठ पार तुटला आणि पोर पाण्यात तरंगली.

"आई, बघ ना, मला पोहता येतंय!"

आई घाबरून बघतच राहिली. शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं, बघत काय बसलीस? बांध तिला! आजारी पोरीला असं मोकळं सोडतात का?"

वस्तीची रीतच तशी होती. कोणाचा देठ डगमगला की त्याला शेवाळाच्या दोरीने बांधून ठेवायचे. आईने लेकीला आपल्याच देठाशी बांधले आणि चांगल्या पक्क्या गाठी मारल्या.

"आई, मला काही होत नाहीये गं. सोड ना."

"गप्प बस. तुझ्या भल्यासाठीच करतेय."

हे ती अगदी मनापासून बोलली. लेक हळूहळू मलूल झाली, खाईनाशी झाली. आई रोज गाठी चाचपून पाही आणि निर्धास्त होई.

मग एकदा वरच्या उतारावरून चिखलाचा लोंढा सुटला.

"हात मिटा!" म्हातारी ओरडली.

सागरकमळांचे तोंड वरच्या बाजूला असते. हात उघडे राहिले तर गाळ थेट तोंडात जातो. म्हणून चिखल आला की सगळे कळीसारखे मिटून घेत आणि लोंढा ओसरायची वाट पाहत. आईनेही हात मिटले.

तेवढ्यात तिच्या देठाला हिसका बसला. लेक सुटायला धडपडत होती. तिला पोहून वर जाता आले असते. तिला अडवले होते ते आईनेच.

गाठी सोडायच्या तर हात उघडायला हवे होते.

आईने हात उघडले. तोंडात गाळ शिरत होता, जीव घुसमटत होता, तरी ती एकेक गाठ सोडत राहिली. त्या तिने किती घट्ट मारल्या होत्या, ते तिला आता कळले.

"आई, तूही चल!"

"माझा देठ रुतलाय, बाळ. तू आजारी नव्हतीस गं. मीच चुकले. जा, पोह!"

शेवटची गाठ सुटली. लेक हात झपझप मारत गढूळ पाण्यातून वर, स्वच्छ पाण्यात निघून गेली. लोंढा मात्र या वेळी ओसरला नाही.

पुढे त्या चिखलाचा दगड झाला. त्या दगडात अख्खी वस्ती आहे. उंच, बुटकी, वाकडी, सगळी मिटलेली. एकटी ती आईच हात पसरून आहे.

तात्पर्य: लेकरू आपल्याहून वेगळे निघाले, की आपण त्याला आजारी समजतो आणि मायेपोटीच बांधून घालतो. ते दोर संकट येण्याआधी सोडावेत.