घोरपडेसाहेब आणि मागची सीट

सोसायटी टेकडीवर वसलेली, आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना खाली बाजारापर्यंत नेणारी एकच विजेवरची गोल्फ कार्ट. तिची चाल अध्यक्ष घोरपडेसाहेबांच्या डोळ्यांत खुपत होती.

"ही गाडी आहे की बैलगाडी?" ते सभेत गरजले. "जास्त व्होल्टच्या बॅटऱ्या मागवल्यात. रविवारी बसवल्या की वेग दुप्पट! भीती वाटणाऱ्यांनी घरी बसावं."

घरी बसायची पहिली वेळ येणार होती केतकीच्या सासूबाईंवर. नवी सून केतकी मनातून चरकली. सासूबाई मात्र गोड हसल्या. "जसा तुमचा हुकूम. फक्त वेग तुम्हीच पसंत करा, तोही आमच्या जागी, मागच्या सीटवर बसून."

मागच्या सीटचं तोंड उलट दिशेला. पुढचं वळण अंगावर आल्यावरच कळतं. रविवारी साहेब तिथे ऐटीत बसले. उतार लागला, वळण आलं, आणि साहेबांनी दोन्ही हातांनी दांडा कवटाळला.

"अरे हळू! मागे म्हातारा माणूस बसलाय!"

गाडी थांबली. साहेब घाम पुसत म्हणाले, "केवढा हा वेग! आधी त्या नव्या बॅटऱ्या काढा!"

"काढायच्या कुठून? त्या अजून खोक्यातच आहेत," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हा आमचा रोजचाच वेग. पण जुन्या बॅटऱ्या दुपारीच संपतात. नव्या बदलून संध्याकाळपर्यंत टिकणाऱ्या घेऊ का?"

साहेबांनी दांडा न सोडताच होकार दिला.

केतकी थक्क होऊन बघत राहिली. आमटीत गूळ जरा कमी घाला, असं ती आज सासूबाईंना सांगणार होती. तो बेत तिने तिथेच सोडून दिला.