भूक न लागणारं पिल्लू

"मग याला भूक कधी लागते?" अक्कांनी विचारलं.

"लागतच नाही," कनक हसली. "तशी सोयच केलीय."

अक्कांनी मोबाइल हातभर लांब धरला आणि डोळे बारीक केले. पडद्यावर खडकाळ किनारा होता, मागे बर्फाचे डोंगर. खडकावर फर सीलचं पिल्लू लोळत होतं. काळंभोर, गुबगुबीत, दाट मऊ लवेचं. शेजारी त्याची आई. पिल्लाला बोट लावलं की ते आईच्या कुशीत शिरायचं आणि लुचूलुचू दूध प्यायचं.

हा व्हिडिओ गेम कनकने केला होता. त्यापायी डोळ्यांची पार वाट लावून घेतली होती बाईने. पण गावोगावची पोरं तो खेळत होती, आणि कौतुक ऐकायची तिला चटक लागली होती. खोटं कशाला बोला?

खाडीवरच्या कातळाच्या सड्यावर अक्कांची एवढीशी कुटी. कॉलेजात असल्यापासून कनक इथे येई. अक्का काही गोड बोलणाऱ्या साध्वी नव्हेत. भले भले तोंड पाडून परत जायचे. तरी अडलं की कनकला त्याच आठवायच्या.

आज ती कडेवर मुलीला घेऊन आली होती. मनवा नुकतीच वर्षाची झाली होती.

"आणि आई? ती कुठे जात नाही?"

"कुठ्ठे नाही. चोवीस तास पिल्लाजवळ."

"खऱ्या समुद्रावर पण अशीच?"

"छे हो!" कनकला आता स्फुरण चढलं. "खरी फर सील वेगळीच. पिल्लू झालं की आठवडाभर जवळ बसते. मग तिच्याच पोटात कावळे ओरडायला लागतात. तिला खायला नाही तर दूध कुठून येणार? मग ती पाण्यात उतरते. माशांच्या मागे लांब लांब जाते. चार-चार दिवस येत नाही, कधी त्याहून जास्त."

"आणि पिल्लू?"

"खडकावर. उपाशी."

"कोण बघतं त्याला?"

"कुणी नाही. दुसरीजवळ गेलं तर ती चावते. मग एक दिवस आई परत येते. किनाऱ्यावर शेकडो पिल्लं, सगळी एकसारखी. ती हाक मारते... आणि नेमकं तिचंच पिल्लू ओ देतं. आवाजावर चालत दोघं एकमेकांपाशी येतात."

अक्कांनी पुन्हा पडद्यावरच्या पिल्लाकडे बघितलं. मग म्हणाल्या,

"एवढं सगळं ठाऊक आहे. खेळात का नाही ठेवलंस?"

"ठेवलं होतं." कनकचा आवाज एकदम उतरला. "तेव्हा मनवा महिन्याची होती. पडद्यावर आई पाण्यात जायची, पिल्लू एकटं बसायचं... मला बघवेना. मीच काढून टाकलं."



कनकने शेवटी मनातलं बाहेर काढलं.

"अक्का, मला बोलावणं आलंय. तिकडे दक्षिण ध्रुवाकडे, खऱ्या फर सीलच्या बेटावर. दीड महिना. पुढचा खेळ तिथे राहून करायचा. असं पुन्हा काही मिळायचं नाही मला."

"मग?"

"नाही म्हणणार आहे. संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"घरातून कोण अडवतंय?"

"कुणीच नाही. निनाद म्हणतो, तू बिनधास्त जा, मी आहे. सासूबाई तर यायला एका पायावर तयार. पण मीच... एवढ्याशा लेकराला टाकून कुठली आई जाईल, अक्का?"

हे बोलून ती थांबली. तिला शाबासकी हवी होती. मैत्रिणींनी दिली होती, शेजारणींनी दिली होती. आता अक्कांनी एकदा 'बरं केलंस गो बाय' म्हटलं असतं, म्हणजे आठ दिवस आत जे कुरतडत होतं ते कायमचं गप्प बसलं असतं.

अक्कांनी मोबाइल खाली ठेवला.

"कळशी रिकामी आहे. विहिरीवरून पाणी घेऊन ये."

"आत्ता?"

"तहान आत्ता लागलीय."

कनक मनातल्या मनात चरफडली. तिने मनवाला उचलून कडेवर घेतलं.

"ती राहू दे इथे."

"रडेल हो. माझ्याशिवाय राहत नाही ती."

"ठेवून बघितलीस कधी?"

घरूनच काम, पाळण्याला टेकून टेबल, अंघोळीलासुद्धा दार सताड उघडं. कधी ठेवून बघणार?

तिने मुलीला अक्कांसमोर बसवलं आणि कळशी घेऊन निघाली.

विहीर खाली, काजूच्या झाडांपलीकडे. अर्ध्या वाटेवर मागून टाहो ऐकू आला. कनक गर्रकन वळली.

वर उंबऱ्यात अक्का बसल्या होत्या. त्यांनी हात वर केला. बोलावताहेत असं वाटून कनक धावणार, तोच तो हात तिला लांब ढकलल्यासारखा हलला. जा.

"दगड आहे ही म्हातारी," कनक पुटपुटली. डोळे भरून आले होते. तशीच खाली उतरली.

विहिरीत पोहरा सोडला. रडणं इथवर येत होतं. दोर सारखा निसटत होता. शेवटी तिच्याने राहवेना. तोंड वर करून ती जिवाच्या आकांताने ओरडली,

"मनवाऽऽ!"

रडणं थांबलं.

गप्प का झाली? काय झालं पोरीला?

...आणि वरून आवाज आला.

"आऽऽ!"

ते रडणं नव्हतं. कनकने पुन्हा हाक मारली.

"आऽऽ!" आता तर जास्तच ठसक्यात.

कनक तिथेच उभी राहिली. मुलीचं रडणं तिला पाठ होतं, हसणं पाठ होतं, झोपेतलं कण्हणंही. पण ही ओ तिने कधी ऐकली नव्हती. ऐकणार कुठून? हाक मारावी लागेल इतकी लांब ती कधी गेलीच नव्हती.

कळशी उचलून ती धावतच सुटली. वाटेत हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

मनवा उंबऱ्यावर दोन्ही हात टेकून वाटेकडे बघत होती. मागे अक्कांनी तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरलं होतं.

"ऐकलंत ना अक्का? ओ दिली हिने! मला!"

"ऐकलं."

कनकने कळशी टेकवली आणि मुलीला घट्ट जवळ घेतलं. मनवाने तिचं नाक पकडलं, जसं काही घडलंच नव्हतं.



"पण ती रडली, अक्का."

"रडली."

"पुन्हाही रडेल."

"रडेल."

कनकने लेकीच्या डोक्यावर हनुवटी टेकली. मघाचा तोरा आता कुठे उरला नव्हता. तिने हळूच विचारलं,

"मग... जाऊ मी?"

अक्कांनी कळशीत डोकावून बघितलं.

"अर्धीच आणलीस," त्या म्हणाल्या. "पुन्हा जा."