उंबऱ्याबाहेरच्या वहाणा

“…म्हणजे गेमचे सहा शेवट बघून झाले, तरी तुझं समाधान नाही?” गोदाक्कांनी विचारलं.

सारंग बेलसरे मठाच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. गोदाक्का शेंगा फोडत होत्या. कृष्णाकाठचा हा मठ अगदी लहान. आक्का, एक गाय आणि दुपारची झोप, एवढाच तिथला कारभार.

“शेवट सात आहेत, आक्का. सातवा सापडत नाही.”

“न सापडला तर काय अडलं?”

सारंगला उत्तर द्यायचाही कंटाळा आला होता. गेली बारा वर्षं तो गेम खेळून त्यांच्यावर बोलायचा, आणि लोक त्याचं ऐकून गेम विकत घ्यायचे. दहा मिनिटं खेळला की कुठल्याही गेमचा शेवट त्याला कळायचा, आणि याची त्याला भारी मिजास होती. पण अलीकडे आतपर्यंत काही पोचेनासं झालं होतं. खेळ नाही, गाणं नाही, जेवणाची चवसुद्धा नाही.

“हा गेम कुणा एकट्या माणसाने बनवलाय,” तो म्हणाला. “पहिल्यांदा खेळलो तेव्हा रडलो. तीन वर्षांनी रडलो, आक्का. मग पुन्हा खेळलो… काही नाही. सोळा वेळा खेळलो. आता सातव्या शेवटानेही काही वाटलं नाही, तर सगळं सोडून देणार.”

आक्कांनी हात पदराला पुसले. “आण इकडं. मी खेळते.”

सारंगने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. तरी त्याने बटणं दाखवली. चालायला ही चार, उचलायला हे, खाली ठेवायला हे.

खेळ चाळीस मिनिटांचा. त्यात आभाळ धोतरासारखं वाळत घातलेलं होतं. एका बैलाला डोक्याच्या जागी समई होती. पाण्याखाली घंटा वाजत होती, आणि बिनचेहऱ्याचा एक पुजारी आपलीच सावली धूत बसला होता. आक्कांना यात काहीच वावगं वाटलं नाही. बैलाला वळसा घालून त्या पुढे गेल्या.

वाटेत सोनेरी वहाणा मिळाल्या.

“त्या घाला,” सारंग म्हणाला. “पुढे सगळ्या काचा आहेत. अनवाणी गेला की माणूस मरतो.”

आक्कांनी घातल्या. काचा तुडवत पडद्यावरचा माणूस देवळापाशी आला. देवळाला भिंती नव्हत्या, कळस नव्हता. नुसता एक उंबरा, आणि पलीकडे काळोख.

“आता सरळ आत.”

आक्का थांबल्या. “वहाणा कुठं काढायच्या?”

सारंग हसला. “आक्का, हा गेम आहे.”

“ते कळलं रे. पण देऊळ आहे ना?”

सोळा वेळा सारंग या उंबऱ्यावरून आत गेला होता, वहाणांसकट. हाती आलेली वस्तू शेवटपर्यंत सोडायची नाही, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

आक्कांनी बटण दाबलं. वहाणा बाहेर राहिल्या आणि माणूस आत गेला.

एरवी इथे काहीतरी दिसायचं. कधी फूल, कधी ज्योत, कधी नुसता एक हात. आज काहीच दिसेना. हाच तो सातवा. सारंग पुढे झुकून काळ्या पडद्यात बघत राहिला…

आणि आक्का बाहेर आल्या.

“अहो, इतक्यात बाहेर कशाला?”

आक्का पडद्याकडे बघत होत्या. उंबऱ्याबाहेर वहाणा नव्हत्या.

सारंगने चष्मा काढून डोळे चोळले. “संपलं. आता काचांवरून परत जाता येत नाही. मधे कुठे सेव्हही होत नाही. पुन्हा पहिल्यापासून खेळायचं… आणि माझ्यात तेवढं त्राण उरलेलं नाही, आक्का. खरंच नाही.”

आक्का मात्र खूश दिसत होत्या. “वहाणा गेल्या? मग देऊळ खरं असणार.”

“थट्टा नको. आत काय होतं, तेवढं तरी सांगा. तुम्ही जाऊन आलात.”

“मला काय ठाऊक? माझं सगळं लक्ष वहाणांकडं.”

…

पडद्यावरचा माणूस उंबऱ्यापाशी अनवाणी उभा होता.

आक्कांनी लॅपटॉप सारंगच्या पुढ्यात सरकवला आणि शेंगांनी भरलेलं सूप जवळ ओढलं.

“जा आता आत. तुझ्या तर गेल्यात.”