एक चिरा कमी

तांबडखोलच्या गोड्या बावीजवळ जांभ्याची एक जुनी भिंत उभी आहे. घर कधीच पडलं, वासे-फळ्या लोकांनी चुलीत घातल्या, भिंत तेवढी राहिली. तिच्यात बाईच्या खांद्याच्या उंचीवर एक चिरा कमी आहे. बघायला येणारे विचारतात, इथे खिडकी होती का? खिडकी नव्हे. खिडकी गवंडी ठेवतो. ही जागा एका बाईने हाताने केली. आणि त्या भोकात मोबाईल घालून फोटो काढू नका, पलीकडे बायकांची न्हाणी आहे.

गावात निकाह असला की नवरी भिंतीपलीकडे उभी राहते आणि काझी अलीकडे. बाकीचे सगळे पुरुष, नवरदेव धरून, भिंतीकडे पाठ करतात आणि खाडीकडे बघत उभे राहतात. शहरातून आलेले वऱ्हाडी हसतात. हसू द्या. का ते ऐकलं की तेही पाठ फिरवतात.

खाडीतून शिडाचे पडाव चालायचे त्या काळची गोष्ट. खाडीकाठच्या सगळ्या विहिरींचं पाणी मचूळ, ही एक बाव तेवढी गोडी. ती याकूब तांडेलाची. याकूबने सफूराशी निकाह केला तेव्हा मेहर म्हणून तिला ही बाव दिली. साऱ्या जमातीसमोर तोंडाने बोलून दिली. मेहर म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायचा तिचा हक्क. तो तिचा, सासू-दिराचा नाही. एवढं कळायला आलिम व्हावं लागत नाही, तरी पुष्कळांना कळत नाही.

सफूराला आई नव्हती, बाप नव्हता, भाऊ नव्हता. तिला वाढवलं आणि शिकवलं ते हवाबीने. हवाबी म्हणजे गावातल्या पोरींची उस्तादबी, याकूबच्या घराला लागून तिचं अंगण. तिथे ती कुराण पढवायची, आणि त्यासोबत बाईला लागणारं सगळं शिकवायची. निकाह म्हणजे काय, नवऱ्याचा हक्क कुठवर आणि आपला कुठवर, महिन्याचे दिवस कधी धरायचे, ते संपले की गुस्ल कसं करायचं, म्हणजे पाक होण्याची आंघोळ. स्वच्छ शब्दांत सांगायची. पोरी लाजून ओढण्या तोंडात कोंबायच्या. मग हवाबी ओरडायची, "लाजता काय गो? अंग तुमचं, नमाज तुमची. उद्या अडलात तर कुणाला विचाराल, नवऱ्याला? त्याला तरी काय ठाऊक!"

पाणी नसेल तर मातीने कसं पाक व्हायचं, त्याला तयम्मुम म्हणतात, तेही ती शिकवायची. भिंतीवर थाप मारून हात तोंडावरून फिरवून दाखवायची. धूळ उडून पोरी शिंकायच्या. शेजारी एवढी बाव असताना हा मातीचा धडा कशाला, असं सफूरानेच एकदा विचारलं होतं म्हणे. हवाबी म्हणाली, "पाणी असणं वेगळं, पोरी, आणि तुला मिळणं वेगळं."

याकूबचा पडाव एका वर्षी आलाच नाही. फळ्या आल्या वाहत.

नवरा गेला की बाईने इद्दत पाळायची. घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही, आणि दुसऱ्या लग्नाची बोलणी तिच्याशी कुणी करायची नाहीत. सफूराने आपली बाजू पाळली. ते घरात बसणं तिला कोंडणं वाटलं नाही. ते तिचं दुःख होतं आणि त्याला मुदत होती. सासू जमालबीने मात्र मुदत संपायच्या आतच धाकट्या मुलाचं, इसाकचं नाव काढलं. सफूरा म्हणाली, "आता हे बोलणं हराम आहे, अम्मा." इद्दत संपली त्या सकाळी सफूरा हवाबीला भेटायला म्हणून उठली आणि तिने दाराला हात लावला. बाहेरून कडी घातलेली होती.

दारापलीकडून इसाकचा आवाज आला. "भाभी, उद्या तू दुसरीकडे निकाह केलास तर बाव तुझ्याबरोबर जाणार. घरचं पाणी घरात राहू दे. माझ्याशी कर."

"इसाक, मी या घरात आले तेव्हा तू शेंबूड पुसायला माझा पदर धरायचास. मी नाही करायची."

"कर विचार. घाई नाही."

ती खोली कोठीची. जाळी, मोडकी वल्ही, सुक्या बांगड्यांची टोपली. खिडकी नाही. दाराखालून बोटभर उजेड यायचा, दुपारी आत सरकायचा, संध्याकाळी मागे जायचा. गावात इसाकने सांगितलं, भाभीला ताप आहे, कुणी येऊ नये. हवाबीलाही उंबऱ्यावरून परत पाठवलं. जमालबी दार किलकिलं करून भाकरी आणि पेलाभर पाणी आत सरकवायची. मग सफूराचे महिन्याचे दिवस आले आणि सरले. तिने आंघोळीला पाणी मागितलं.

"इसाकला हो म्हण," जमालबी म्हणाली, "पाहिजे तेवढ्या घागरी आणून ओतते."

"पाणी माझ्या बावीचं आहे, अम्मा."

"मग जा आणि शेंदून आण." आणि दार लागलं.

इसाकचा बेत असा, की ही नमाजी बाई. आंघोळ नाही म्हणजे गुस्ल नाही, गुस्ल नाही म्हणजे नमाज नाही, आणि नमाजेशिवाय ही किती दिवस काढील? स्वतःच येईल शरण. पुरुषांनी हवाबीचे ते मातीचे धडे बायकांचे म्हणून कधी कान देऊन ऐकलेच नव्हते. आजही ऐकत नाहीत.

त्या दिवशी दुपारची अजान झाली आणि सफूरा अंधारात भिंत चाचपू लागली. चिरे तांबड्या मातीत बसवलेले होते. एका सांध्यातली माती सुकून भुगा झाली होती, बोट लावलं की सुटायची. बिस्मिल्ला म्हणून तिने त्यावर दोन्ही हात मारले, तोंडावरून फिरवले. पुन्हा मारले, कोपरापर्यंत फिरवले. मग नमाज पढली आणि रडली. आमच्या शाफई रीतीत एका फर्ज नमाजेला एक तयम्मुम, मागचा पुढे चालत नाही. म्हणून जेवढ्या वेळा अजान, तेवढ्या वेळा ती त्या सांध्याशी जायची आणि नवी माती काढायची. भिंत फोडायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला फक्त पाक राहायचं होतं.

जमालबीने एकदा दारातून तिचं तांबडं तोंड बघितलं आणि इसाकला म्हणाली, "डोकं फिरलंय तिचं." इसाक म्हणाला, "फिरू दे, लवकर वळेल."

सुरुवातीला पलीकडून नुसती गुणगुण यायची, असं सांगतात. चिऱ्याभोवतीची माती जसजशी गेली तसतसे शब्द येऊ लागले. हवाबीच्या पोरी सबक म्हणत होत्या, सफूराने म्हटले होते तेच. तिने हाका मारल्या. पण पलीकडून भिंतीला गिलावा होता आणि पोरी एका सुरात ओरडत होत्या. तिची हाक त्यात बुडून गेली. तिला इसाकची भीती नव्हती. तिला भीती होती स्वतःची. घशाला कोरड पडली, अंगाला वास येऊ लागला, रात्री खाजेने झोप येईना. आपण कुठल्या तरी दुपारी एका घागरीसाठी हो म्हणून टाकू, आणि ते हो जन्मभर आपलंच राहील, याची तिला भीती होती.

इसाकला तेवढाही धीर निघाला नाही. एका जुम्याला नमाज झाल्यावर त्याने जमात घरी आणली. बाप-भाऊ नसलेल्या बाईचा वली, म्हणजे निकाह लावून देणारा पालक, काझी, म्हणून काझीच तिच्या बाजूचा. इसाक म्हणाला, "ती गप्प आहे, काझीसाहेब. लाजते. गप्प म्हणजे कबूलच की."

काझी कडक माणूस. म्हणाला, "कुवारीचं गप्प राहणं चालतं. नवरा झालेल्या बाईचं नाही. तिने तोंडाने बोललं पाहिजे, आणि मी ऐकलं पाहिजे."

"मग विचारा की," इसाक म्हणाला. माजघराच्या दाराला पडदा लावलेला होता.

काझीने विचारलं, "सफूरा बिन्ते हसन, इसाक तांडेलाशी निकाह तुला कबूल आहे?"

पडद्यामागून बारीक आवाज आला, "कबूल."

कोठीच्या खोलीत सफूराने तो आवाज ऐकला. तो जमालबीचा होता. तिने दारावर मुठी मारल्या, "नाही! मी इथे आहे!" पण आतल्या बायकांना जमालबीने ढोलकी घेऊन बसवलं होतं. काझीने दुसऱ्यांदा विचारलं. पुन्हा "कबूल." आता एकदाच विचारायचं राहिलं. मग खुतबा, मग दुवा, मग जन्माचं दार लागणार.

सफूरा भिंतीशी गेली. ज्या चिऱ्याची माती ती रोज तोंडाला लावत होती त्याला तिने खांदा दिला. चिरा हलला. पुन्हा दिला. कुणी म्हणतात पलीकडून फरिश्त्यांनी ओढला. ओढला असेल. पण खांद्याचं हाड तिचं मोडलं, फरिश्त्यांचं नाही.

चिरा गिलाव्यासकट पडला तो हवाबीच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर. कोंबड्या किंचाळत उडाल्या. हवाबी धावत आली तर भिंतीतून एक हात बाहेर आलेला. हवाबीने तो दोन्ही हातांत धरला आणि असा आवाज टाकला की ढोलकी थांबली. "काझीसाहेब, खुतबा राहू द्या! नवरी इथे भिंतीत आहे! पडद्यातली कोण ती बघा आधी!"

काझी अंगणात आला. त्याने तो हात बघितला. बोटांपासून कोपरापर्यंत तांबडी माती, कोपराच्या वर स्वच्छ. मळलेला हात असा एका रेघेवर थांबत नाही. त्याने विचारलं, "हे काय?"

"तयम्मुम," आतून आवाज आला.

"बावीच्या घरात?"

"बाव माझी, काझीसाहेब. पाणी दिलं नाही."

काझी खाली बसला म्हणे, तिथेच, कोंबड्यांच्या घाणीत. मग उठला आणि त्या मोकळ्या जागेला तोंड लावून त्याने पुन्हा पहिल्यापासून विचारलं. ती म्हणाली, "नाही." पुन्हा विचारलं. "नाही." तिसऱ्यांदा ती इतक्या मोठ्याने म्हणाली की खाडीतल्या पडावांवर ऐकू गेलं.

कडी काढली. सफूरा बाहेर आली. उजेडाने तिचे डोळे मिटले होते. इसाककडे तिने बघितलंही नाही. मोडका खांदा धरून सरळ बावीकडे गेली. हवाबीने आणि पोरींनी चादरी धरून आडोसा केला आणि पाणी शेंदून तिच्यावर ओतलं. काझीने साऱ्या जमातीला पाठ फिरवायला सांगितली, इसाकलाही. माती धुतली जाईपर्यंत पुरुष खाडीकडे बघत उभे राहिले आणि मागे पाण्याचा आवाज ऐकत राहिले. खूप वेळ चाललं ते.

पुढे इसाकने चिरा परत बसवून बघितला. रात्रीत पडायचा, असं सांगतात. बाव सफूराने बायकांना वक्फ करून, म्हणजे कायमची दान दिली, आणि कोठीच्या जागी त्यांची न्हाणी झाली. तिने नंतर निकाह केला की नाही, यावर गावात भांडणं होतात. केला असेल, नसेल. तिची मर्जी.

तो चिरा आता न्हाणीच्या बाजूला भिंतीच्या पायथ्याशी आहे. ठेंगण्या नवऱ्या त्यावर उभ्या राहतात. भिंतीची डागडुजी बायका करतात, पावसाळ्यात माडाचे झाप बांधतात, पण ती जागा बुजवत नाहीत. निकाहाच्या सकाळी नवरीच्या मेंदीवर कोपरापर्यंत तांबडी माती लावतात. मग ती हात भोकातून बाहेर काढते, काझी हात बघतो आणि मग विचारतो. कुवारी असली तरी गप्प राहणं इथे चालत नाही. ती बोलेपर्यंत जेवण निवलं तरी चालतं.

गेल्या साली पलीकडून "नाही" आलं. वऱ्हाड चिपळूणचं होतं. आम्ही त्यांना पोटभर जेवू घालून पाठवलं. आजही तांबडखोलात त्या पोरीला कुणी विचारलेलं नाही, का म्हणून.