आवडूने घालवलेल्या पाली

पांढरखडप बेटावर उतरलात की धक्क्याच्या वरच उंडीची राई लागते. मार्गशीर्षात आलात तर झाडाझाडाला शिडी लावलेली दिसेल. फळं धरायला अवकाश असतो, मधाची पोळी तर या बेटावर नाहीतच. मग शिड्या कशाला, असं पाहुणे विचारतात. तेव्हा होडी बांधून म्हातारे भिवा तांडेल खडकावर टेकतात आणि सांगू लागतात.

पूर्वी या राईत पाली होत्या म्हणे. घरातल्यासारख्या नव्हेत; हातभर लांब, सालीसारख्या करड्या, जिभेने स्वतःचे डोळे पुसणाऱ्या. तशा पाली दुसरीकडे कुठेच नव्हत्या, असे सांगतात. दिवसभर ढोलीत झोपायच्या आणि ऊन कललं की चुकचुकायला लागायच्या. त्या चुकचुकल्या की बेटावरचं काम अडलंच. होडी लोटायची तर पाल, बी पेरायचं तर पाल. माणसं हातातलं टाकून घरी जात.

याचा सगळ्यात जास्त वैताग आला तो आवडूला. नवरा दर्याने नेलेला, एकुलती एक लेक केसर. केसरची सुपारी फोडायला पलीकडच्या किनाऱ्यावरची माणसं दोनदा आली आणि दोन्ही वेळा पाल चुकचुकल्यामुळे परत गेली. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा मुलाचा बाप उठला. "बाई, तुमच्या पालींची परवानगी मिळाली की निरोप धाडा," म्हणाला आणि होडीत जाऊन बसला.

गावचे प्रमुख गावकार म्हणाले, "अपशकुन झाला, आवडू. पुढच्या महिन्यात बघू."

"त्या पालीला भूक लागली असेल, नाहीतर नवऱ्यावर डाफरत असेल!" आवडू कडाडली. "दरवेळी माझ्याच लेकीची सोयरीक बरी दिसते तिला?"

दुसऱ्या दिवशी ती पलीकडच्या किनाऱ्यावर गेली आणि मासळीच्या टोपलीत दोन मांजरं घेऊन आली. बेटावर तोवर मांजर नव्हतं. त्यामुळे पालींना पळायचंच ठाऊक नव्हतं म्हणे; मांजर समोर आलं तरी डोळे चाटत बसायच्या. दोनाची वीस मांजरं झाली. तिसऱ्या वर्षी राई गप्प झाली. केसरचं लग्न एका बैठकीत ठरलं आणि लागलंही.

त्या वर्षी उंडी भरभरून फुलली, पण फळ एकही धरलं नाही. पुढच्या वर्षीही तेच. फळ नाही म्हणजे तेल नाही, आणि तेलावाचून होड्यांच्या फळ्या कुजायला लागल्या. तीन घरं बेट सोडून गेली. गावकार देवीला कौल लावत बसले.

आवडू मात्र आपल्या घराच्या भिंतीकडे बघत बसली होती. भिंतीवर जुने पिवळे ठसे होते, पालींच्या बोटांचे. फुलोऱ्याच्या दिवसांत ते पुसता पुसता तिने पालींना किती शिव्या घातल्या होत्या! पिवळं म्हणजे उंडीच्या फुलातली भुकटी. वाऱ्यामुळे बेटावर मधमाशी टिकत नाही. मध चाटायला फुलाफुलावर जात होत्या त्या पालीच.

शिडी घेऊन तिने एकेक ढोली धुंडाळली. एका ढोलीत सालीला चिकटलेली अंड्यांची दोन टरफलं सापडली, सुकलेली, रिकामी.

"एरवी तोंडाला खळ नव्हती मेल्यांच्या! आता का गप्प?" ती ओरडली. मग झाडाखाली बसून रडली, तेही रागारागानेच.

मांजरं तिने धरधरून पलीकडच्या किनाऱ्यावर नेऊन सोडली. हात वर जातोय तोवर पालींचं काम आपण करू, असं ती देवीपुढे बोलली आणि कोंबड्याचं पीस घेऊन झाडावर चढली. या फुलातली भुकटी त्या फुलाला लावायची, रोज ऊन कलल्यावर. लोक हसत. ती पालींवर, मांजरांवर, गावकारांवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर चिडत काम करी. त्या साली तिच्या एका झाडाला टोपलीभर फळं धरली.

पुढच्या मोसमात गावकार स्वतःची शिडी खांद्यावर घेऊन आले. "आवडू, पीस कुठलं घेऊ?"

"कोंबड्याचं. आणि वर चढा लगेच, पाल चुकचुकते का बघत थांबू नका."

पाली काही परत आल्या नाहीत.

आजही फुलोऱ्यात सगळं बेट पिसं घेऊन झाडांवर असतं. हे काम मुकाट्याने करायचं नाही, कुरकुरतच करायचं, अशी रीत आहे. कुणी सुनेवर वैतागतं, कुणी वेळेवर न येणाऱ्या बोटीवर. शेवटच्या फुलाला पीस लावताना मात्र प्रत्येकाने आवडूसारखं स्वतःचं नाव घेऊन स्वतःवरच चिडायचं असतं.