झिजलेली निब

एकदा एक बाई आपल्या आईचे शाईचे पेन घेऊन पेनदुरुस्ती करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या दुकानी आली. म्हातारा कधी शाळेत गेला नव्हता. दुरुस्त केलेले पेन तो कागदावर नुसत्या नागमोडी रेघा ओढून पारखी. त्याचा शिष्य मात्र शिकलेला आणि हाताचा चलाख होता. त्या दिवशी गुरूने प्रथमच गिऱ्हाईक त्याच्यावर सोपवले होते.

"आईला जाऊन महिना झाला," बाई म्हणाली. "चाळीस वर्षं तिनं हेच पेन वापरलं. माझ्या हातात मात्र कागद ओरबाडतं. आठवण म्हणून कपाटात ठेवायचं नाही मला, लिहायचं आहे."

शिष्याने निब धुतली, शाई भरली, दोन ओळी लिहून पाहिल्या. निब खरखरली. भिंगातून पाहिले, तर टोक एका अंगाने तिरके झिजलेले.

"ताई, वापरून वापरून वाकडी झालीय. दगडावर घासून सरळ करतो. दोन मिनिटांत लोण्यासारखी चालेल."

त्याने दगडावर पाण्याचा थेंब सोडला, तोच म्हातारा म्हणाला, "थांब जरा. लोणी काही पळून जात नाही."

त्याने निब बराच वेळ न्याहाळली. मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. पेन डाव्या हातात धरून तो रेघा ओढू लागला. निबेचा आवाज नाही, खरखर नाही. रेघ अखंड वाहत गेली.

"ताई, आई कोणत्या हातानं लिहायच्या?"

"उजव्या. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करायची, तेव्हा मी शेजारीच उभी असायचे."

"आणि एकट्या असताना?"

 बाई सावकाश म्हणाली, "दुपारी ती कडी लावून लिहीत बसायची. आम्ही दार वाजवलं की आधी पेनाचं टोपण लागायचं, मग कडी निघायची. आजोबा सांगायचे, लहानपणी डाव्या हाताला चटके दिले, तेव्हा तिची खोड मोडली. मोडली, म्हणायचे."

 शिष्याने मान खाली घातली.

"निबेचं टोक रोज कणभर झिजतं," म्हातारा त्याला म्हणाला, "आणि धरणाऱ्याच्या हाताचं वळण घेतं. त्या माउलीला मोकळेपणानं लिहू दिलं ते या एका टोकानं. सरळ करणारे तिला जन्मभर भेटलेच होते, त्यात आज तुझी भर पडली असती. एखादी वस्तू आपल्या हाताला टोचली, की ती बिघडली असं लगेच ठरवू नये बाबा. ती कोणाच्या हातात सुखी होती, ते आधी विचारावं."

"त्यांच्या हाताचं वळण माझ्या हातून कायमचं पुसलं गेलं असतं," शिष्य पुटपुटला.

"माझ्या हातून असं एकदा गेलंय," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर सांगतो."

"पण मग मी लिहू कशी?" बाईने विचारले. "मी तर उजवी."

"डाव्यानं शिका. अक्षर वेडंवाकडं येईल. येऊ द्या, घाई कोणाला आहे?"

बाई तिथेच बाकावर बसली. डाव्या हातात पेन धरून तिने आईचे नाव लिहायला घेतले. अक्षरे पहिलीतल्या मुलासारखी थरथरत उमटत होती, पण निब कुठे अडली नाही. लिहिता लिहिता कागद तिच्यापुढे तिरका झाला. तो सरळ करायला शिष्याचा हात पुढे गेला, आणि मध्येच थांबला.